लिंबूटिंबूची पाळी

टेबलावर हातात धरून खेळायचे दोन व्हिडिओ गेम शेजारी शेजारी ठेवले होते आणि काचेच्या कपाटात जागा एकाचीच होती.

एक नवाकोरा, खोक्यासकट, पडद्यावरचा पातळ कागदही न निघालेला. दुसऱ्याची रया पार गेलेली. कोपरा उडालेला, बटणांवरची अक्षरं अंगठ्यांनी पुसून टाकलेली, आणि खेळाची कॅसेट मागच्या खाचेत अशी रुतून बसलेली की निघायचं नाव घेत नव्हती. कॅसेटवरचं चित्र केव्हाच झिजून गेलं होतं. त्यामुळे आत कोणता खेळ आहे, हे संग्रहालयात कुणालाच सांगता येत नव्हतं.

खेळच माहीत नसेल तर हे नुसतं प्लास्टिक आहे, असं विभागप्रमुख म्हणाले होते. ज्यांचं आहे त्यांना बोलावून परत देऊन टाका.

ते काम संवर्धकाच्या गळ्यात पडलं. तो भौतिकशास्त्र शिकून नुकताच इथे लागला होता. धातूचा गंज, लाकडातला ओलावा, रंगाचे पापुद्रे यांच्याशी त्याचं छान जमायचं. माणसांना नाही म्हणायची वेळ आली की मात्र गाडी अडायची.

गेम देणाऱ्या बाई थेट कामावरून आल्या. उंच इमारतींच्या बांधकामावर त्या क्रेन चालवायच्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गेम त्यांच्या दादाचा होता आणि दादा मागच्या वर्षी गेला होता. त्याचं नाव कुठे झळकेल असं काही त्याच्या हातून झालं नव्हतं. इथल्या छोट्याशा पाटीवर तरी ते लागेल, एवढीच त्यांची आशा होती.

"तुम्हीही खेळायचात का यावर?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं.

"तर काय. दादा आणि त्याचे मित्र मोठे, मी लिंबूटिंबू. पण ते सगळे आउट व्हायचे, मी कधीच नाही," म्हणत त्या हसल्या.

त्याचे कान टवकारले. म्हणजे खेळ कोणता ते यांना ठाऊक असणार. पण खेळाचं नाव काही बाईंना सांगता येईना. हातात द्या, खेळून दाखवते, म्हणाल्या. त्यानं अडचण सांगितली: जुन्या यंत्रात वरून परवानगी आल्याशिवाय वीज सोडायची नाही, असा इथला नियम होता.

"नका सोडू. माझं काही अडत नाही."

त्यांनी गेम दोन्ही हातांत धरला, आणि संवर्धक बघतच राहिला.

पडदा काळाच होता. पण बाईंची नजर त्यावर कशाच्या तरी मागे धावत होती. अंगठे कधी झरझर चालत, कधी मध्येच श्वास रोखल्यासारखे थबकत. दबक्या आवाजात त्या सांगत होत्या. नदी उलटी वाहते, डोंगर चढून जाते. तिच्यावरच्या पुलावर पहारेकरी झोपलेला असतो. इथे बटण अलगद दाबायचं, नाहीतर तो कूस बदलतो आणि अख्खा पूलच त्याच्याबरोबर वळतो.

तो धावत जाऊन विभागप्रमुखांना घेऊन आला. ते कपाळावर आठ्या घेऊन आले, दारात उभे राहिले, मग हळूच स्टूल ओढून बसले. पुलाआधी डावीकडे वळलं तर, असं त्यांनी विचारलं. डावीकडे मिठाचं गाव, बाई म्हणाल्या. पाऊस पडला की तिथली घरं विरघळतात. म्हणून ढग आला की त्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचं.

"आणि त्याचं बोलणं संपलं तर?" विभागप्रमुखांचा आवाज एखाद्या पोरासारखा झाला होता.

"संपू द्यायचं नाही, सर. तोच तर खेळ आहे."

संवर्धक झाला तरी विज्ञानाचा विद्यार्थी. पुन्हा तेच केल्यावर पुन्हा तेच उत्तर आलं, तरच त्याचा विश्वास बसायचा. त्यानं बाईंना पहिल्यापासून खेळायला लावलं आणि नजर फक्त अंगठ्यांवर ठेवली. तीच वळणं, तेच थांबे. पुलावर बटण पुन्हा तितक्याच हळुवारपणे दबलं. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. इतक्या वर्षांनंतर, बंद यंत्रावर, एक अख्खं जग या बाईंना बोटांनी पाठ होतं.

विभागप्रमुखांनी चष्मा पुसला. उभ्या आयुष्यात असा खेळ त्यांच्या कानावर आला नव्हता. कुणी सांगावं, जगात ही एकच कॅसेट उरली असेल. त्यांनी नवाकोरा गेम उचलून खोक्यात घातला आणि पाटीवर घालायला दादाचं पूर्ण नाव विचारून घेतलं. मग विभागप्रमुख संवर्धकाकडे वळले. नियम त्यांचाच होता, तो त्यांनीच मोडला. एकदाच वीज सोडू, चित्र टिपून घेऊ.

संवर्धकानं जपून तारा जोडल्या आणि विजेचा दाब हळूहळू वाढवत नेला. पडदा करडा झाला, थरथरला, स्थिरावला.

दोन्ही कडांना एकेक जाड उभी रेघ होती. मधून एक ठिपका इकडून तिकडे जात होता. टक. टक. संवर्धकानं एकेक बटण दाबून पाहिलं. रेघा वर-खाली सरकल्या. बाकी काही नाही. नदी नाही, पूल नाही, मिठाचं गाव नाही. विभागप्रमुखांनी खोक्याकडे एकदा पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

बाई मात्र टेबलावर ओणवून, डोळे विस्फारून त्या ठिपक्याकडे बघत होत्या.

"अच्छा," त्या हरखून म्हणाल्या, "सेल असले की असं दिसतं होय. मला द्यायच्या आधी दादा ते काढून घ्यायचा."