भोपळ्याच्या केकचा मसाला

ब्रिजितने दालचिनी, लवंग आणि जायफळ मिक्सरमधून काढलं, तेव्हा तिचे पाय भरून आले होते. नवऱ्याला, पास्कूला अंघोळ घालून, भरवून आता कुठे तिला वेळ मिळाला होता. ऑक्टोबर लागला की वसईच्या त्यांच्या बेकरीत भोपळ्याचा केक व्हायचा. मसाला मात्र पास्कूच करायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. यंदा पक्षाघाताने त्याची वाचा गेली होती. दीड महिन्यात एक शब्द फुटला नव्हता.

तिने चमचाभर मसाला त्याच्या नाकाशी धरला. “बघा हो, जमलाय का?” उत्तराची आशा तिने कधीच सोडली होती.

त्याने वास घेतला. कपाळावर ती जुनी आठी चढली. ओठ वाकडे होत थरथरले.

“सुं...ठ,” तो म्हणाला.

तीस वर्षं त्याने तिच्या प्रत्येक कामात खोट काढली होती आणि दरवेळी ती चिडली होती. आज ती मटकन त्याच्या पलंगावर बसली. सुंठ खरंच राहिली होती.

“किती घालू?” तिने विचारलं, आणि तो दुसरा शब्द जुळवेपर्यंत थांबून राहिली.