पिवळे पट्टे

दारावरून जायचं आणि हाक मारायची नाही, ही कुठली रीत? वनखात्याचा साहेब सकाळी फाटकातून आत आला, पायरीवर बसलेल्या म्हातारीकडे ढुंकूनही न बघता घराला वळसा घालून सरळ मागच्या टेकडीवर चढला. टेकडी तिची, झाडं तिची, फाटकही तिचंच.

"सरकारी पगार खाल्ला की माणसाला माणूस दिसेनासा होतो," ती सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली आणि काठी घेऊन त्याच्या मागे निघाली. त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरणार नव्हता.

वर पोचेपर्यंत तिला धाप लागली. साहेब एका बुडख्यापाशी उकिडवा बसला होता. ताज्या भुशाचा ओलसर वास सुटला होता. बुडख्याच्या सालीवर, अगदी मुळाशी, चार बोटं रुंद पिवळा पट्टा होता. तो उठून दुसऱ्या बुडख्याकडे गेला. तिथेही पिवळा. तिसऱ्यालाही.

"मोजा, मोजा," ती म्हणाली. "एकोणीस भरतील. एकही तुमच्या हाती लागू दिलं नाही."

"काकू, हीच का तोडलीत?"

"मग काय तुमच्या गाडीत चढवून द्यायची होती? सगळ्या रानातली सरळ, जाड झाडं हेरलीत आणि रंग फासून गेलात. मी काय दूधखुळी आहे? सरकारनं रंग लावला की ती वस्तू सरकारची झाली. वखारवाल्याला म्हटलं, पट्टेवाली आधी ने. किडकी-वाकडी राहू देत, त्यांच्यावर कुणाचा डोळा नाही."

हे वाक्य तिनं चार दिवस घोटून ठेवलं होतं. साहेब चिडेल, कायदा दाखवेल, मग आपण त्याला आणखी दोन ठेवून देऊ, असा तिचा हिशेब होता. साहेब चिडला नाही. त्यानं टोपी काढून हातात धरली.

"पट्टा राखायच्या झाडांना होता, काकू. बी धरणारी झाडं ही. यांच्याखालीच नवं रान उगवतं. परवाना विरळणीचा होता. दाटीतली किडकी-वाकडी काढायची आणि ही ठेवायची. ही एकोणीस उभी असती, तर कुंपणाची तार, रोपं, दर मोसमाला पाहणीला माणूस, सगळं खात्याकडून मिळालं असतं."

"हे मला कुणी सांगितलं?"

"कागदात होतं. तुमच्या हातात दिला होता."

सून पाण्याची बाटली घेऊन मागून चढून आली होती. "आई, कुठला कागद?"

म्हातारीनं ऐकलं नाही असं दाखवलं. कागद ट्रंकेच्या तळाशी होता, घडीला घडी लावून जपून ठेवलेला. साहेबानं पिशवीतून त्याची प्रत काढून सुनेला दिली. सुनेनं मोठ्यानं वाचलं, "पिवळा पट्टा असलेल्या झाडांस कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये." पहिल्याच पानावर होतं, ठळक अक्षरांत.

"मला दाखवला असतात तर..." सून म्हणाली आणि थांबली. असली वाक्यं त्या घरात कुणी पुरी करत नसे.

म्हातारीनं उताराकडे पाहिलं. उरली होती ती काटकुळी, एकमेकांच्या अंगावर रेललेली, जत्रेत चुकल्यासारखी. गेली ती एकोणीस तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षी डोक्यावर पाणी वाहून जगवली होती. तेव्हा ती तिच्या घोट्याएवढी होती.

"आता?"

"खात्याच्या मदतीच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल. आणि कायद्यानं वर्षाच्या आत तेवढीच रोपं तुमची तुम्ही लावायची."

"आणि ती केवढ्या दिवसांत एवढी होणार?"

साहेबानं तिच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मग टोपीची कड चाचपत म्हणाला, "खालच्या रस्त्यावरूनच कळलं मला. झाडं दिसायची तिथे आभाळ दिसलं. म्हणून हाक मारली नाही, काकू. तुमच्याकडे बघवेना. चूक माझीही आहे."

एवढ्या जन्मात कुठल्याच साहेबानं तिच्यापुढे चूक कबूल केली नव्हती. एरवी तिनं ते वाक्य गावभर मिरवलं असतं. आज ते तिला गोड लागेना. ती बुडख्याला काठी टेकून उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिचा आवाज पार खाली गेला होता, आणि सून समोर आहे याचीही तिनं पर्वा केली नाही.

"आहेच तुमची चूक. त्या दिवशी तीन पानी कागद दिलात. मी चष्मा लावला, एक नजर फिरवली आणि म्हटलं, वाचला. तीन पानं इतक्यात कोण वाचतं? तुम्हाला कळलं होतं. तोंडावर दिसत होतं तुमच्या. पण मोठी बाई दुखावेल म्हणून गप्प बसलात."

सुनेनं कागदावरची नजर वर उचलली नाही.

"सरळ विचारायचं होतं साहेब, 'बाई, तुम्हाला वाचता येतं का?' म्हणून. मी तुम्हाला फाटकाबाहेर काढलं असतं. माझ्या चार शिव्या खाल्ल्या असत्यात, तर झाडं उभी राहिली असती."