सोडलेली विहीर

सुरुंगांचे बार थांबले आणि वरच्या अंगाला आरोळी उठली. गंगाराम सुर्व्याच्या नव्या विहिरीला पाणी लागलं.

भिकाजी गमरे आपल्या घरामागे, आळीच्या जुन्या विहिरीपाशी उभा होता. पूर्वी सगळी आळी इथेच पाणी भरायची. मग बौद्धवाडीतला भिकाजी सरकारी कारकून झाला, त्याने इथे जागा घेतली, घर बांधलं. त्याच्या बायकोने, सावित्रीने, विहिरीत पहिली घागर सोडली आणि आळीला पाणी मचूळ लागायला लागलं. पैसा आलाच होता. कुणाचा पोरगा मस्कतला, कुणाचा मुंबईत गोदीवर. ज्याने त्याने आपापली विहीर खणली. भांडण नाही, शिवी नाही. नुसते सुरुंग.

पाणी लागलं की आळीभर गूळखोबरं वाटायची चाल. ती मोडायला नको म्हणून गंगाराम आला. फाटकापर्यंतच. भिकाजीची आई गोदूबाई हात पुढे करून उभी राहिली. त्याने वीतभर उंचावरून गुळाचा खडा टाकला.

भिकाजी पुढे आला तसा गंगाराम म्हणाला, "जुनी विहीर आता तुम्हालाच सोडली, भिकाजीराव. कुणाचा वाटा नाही, वर्दळ नाही. राजासारखे राहा."

"उपकार झाले," भिकाजी म्हणाला.

मागे सावित्रीने घागर सोडली. दोर सुटत गेला, सुटतच गेला. मग खाली खडकावर तांबं आपटलं. ठण्ण.

भिकाजी धावला, वाकला. आठवडाभर पाणी उतरत होतंच, आज तळ उघडा पडला होता. वरच्या अंगाच्या ज्या फटीतून झरा यायचा, ती कोरडी ठाक.

गोदूबाईने गूळ तोंडात टाकला. "गोड हाय हां, गंगाराम. पन गुळावर घोटभर पानी द्यायची पन चाल हाय ना रे आपल्यात? ता मी कुनाच्या दारात मागू?"

"मे महिना आहे, म्हातारे. पाणी सगळ्यांचंच खाली जातं." गंगाराम वळला. पुढच्या घरी जायचं होतं.

वर इंजिन धडधडलं. नव्या विहिरीचं पहिलं पाणी गढूळ, ते उपसून फेकतात. तांबडा लोट उतारावरून वाहत फाटकाशी आला.

त्या पाण्याला आपला पाय लागू नये म्हणून गोदूबाई जुन्या सवयीने मागे सरली.