राखणदाराचा होकार

बँकॉकची ती गल्ली भुयारी स्टेशनसाठी पाडायची ठरली, तेव्हा पेज विकणाऱ्या लमाईमावशीची सगळी भिस्त जागेच्या राखणदार देवावर होती. खांबावरच्या त्याच्या इवल्याशा घरापुढे लाल सरबत ठेवून ती रोज बजावायची, "आजोबा, तुम्ही अजिबात हलू नका. तुमचा होकार आल्याशिवाय एकही मजूर खड्ड्यात उतरायचा नाही."

ते स्टेशनच्या इंजिनियरलाही ठाऊक होतं. गल्लीतल्या लोकांना "नकाशा आता वीतभरही बदलणार नाही" असं सुनावणारा तो, नैवेद्याला डुकराचं मुंडकं आणि सोबत पुरोहित घेऊन हजर झाला.

पुरोहित बराच वेळ डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "आजोबा तयार आहेत. पण नवं घर इथेच हवं म्हणतात. संगमरवरी."

"देऊ की!" इंजिनियर हात जोडून म्हणाला. "जिना थोडा पलीकडे सरकवतो."

"आणि आम्ही?" मावशीने विचारलं.

"मावशी, तुम्हाला नोटीस दिलीय ना?"

आता स्टेशन सुरू झालंय. मावशी लांबच्या वस्तीतून दोन बस बदलून माळ घेऊन येते. सरकत्या जिन्याशेजारी राखणदाराचं संगमरवरी घर नुसतं झळकत असतं. रिवाजाप्रमाणे त्याच्या सेवेला दारात मातीचं एक म्हातारं जोडपं बसवलंय.



आज माळ वाहून झाल्यावर मावशीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आजोबा, यातली म्हातारी कधी फुटली, तर तिच्या जागी माझा विचार करा."