मागच्या बाजूचा पत्ता

“चौथं शील घाईत म्हणू नकोस. खोटं न बोलण्याचं आहे ते,” आई सांगायची. रोज सकाळी बुद्धवंदना करताना मी अजून तिथे क्षणभर थांबते.

परवा बाजारपेठेतल्या दुकानात माझ्या कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं मांडली होती. एका बाईंनी एक उचलून वास घेतला. “आमच्या आईच्या हातचा असाच असायचा,” म्हणाल्या. मग पाकीट उलटं करून त्यांनी पत्ता वाचला, सिद्धार्थनगर, आणि ते हळूच परत ठेवलं. वर पदराला बोटं पुसली.

दुकानदार मला म्हणाले, “ताई, मसाला एक नंबर आहे. पण वस्तीचं नाव दिसलं की गिऱ्हाईक हात मागे घेतं. पत्ता तेवढा माझ्या दुकानाचा छापा, दिवाळीला शंभर किलो उचलतो.”

“मसाला माझ्या घरी होतो, दादा.”

“कोण बघायला येतंय?”

“त्या बाईंनी आत्ताच पत्ता बघितला की.”

ते हसले आणि उरलेली पाकिटं त्यांनी माझ्या पिशवीत घातली.

घरी छबूताई आणि कुसुम मिरच्या निवडत होत्या. दिवाळीपर्यंत काम देईन, असा शब्द मी दोघींना दिला होता. सगळं ऐकून छबूताई म्हणाली, “छापायचा की गं. दोन ओळींनी काय बिघडतंय?” मला राग आला होता, पण तिच्यावर नव्हे.

आज आठवड्याचा बाजार. “निवडत राहा, काम थांबणार नाही,” एवढंच दोघींना म्हटलं. त्याच पाकिटांची पिशवी खांद्याला लावली, बसायला पोतं घेतलं आणि बाजाराची वाट धरली.