नळीतलं तांबं

"मामा, ह्या रायफलीची नळी बघा," भुजंग म्हणाला आणि त्यानं रायफल टेबलावर ठेवली.

मुंजाजीनं मान वर केली. जिंतूरबाहेरच्या पोलीस छावणीतली हत्यारं साफ ठेवणं हे त्याचं काम. सकाळपासून तीस नळ्या पुसून झाल्या होत्या, तेवढ्याच अजून राहिल्या होत्या. वैशाखातल्या उन्हानं डोक्यावरचे पत्रे तापले होते. पोलीस ॲक्शनला तीन वर्षं होत आली होती. निजामाच्या फौजेतून तो इकडं आला तेव्हा डोक्यावरची टोपी बदलली, काम तेच राहिलं. फक्त हाताखालची दोन माणसं गेली ती पुन्हा आली नाहीत.

"आता काय बघायचं तिच्यात? सगळी छावणी तुझंच नाव घ्यायलीय. दोनशे पावलांवरून एका गोळीत माणूस पाडलास. जमादार करणार म्हणतेत तुला."

"तुमी नळी बघा."

तीन दिवसांमागं डोंगरात दरोडेखोरांचा पाठलाग झाला होता. टोळी निसटली. त्यांना भाकरी पोचवणारा एक मेंढपाळ तेवढा भुजंगच्या गोळीनं पडला. त्या दिवसापासून भुजंग नीट जेवला नव्हता, हे मुंजाजीला ऐकून ठाऊक होतं. पहिल्यांदा माणूस मारला की असं होतं, असं त्यालाही वाटलं होतं.

त्यानं नळी खिडकीकडं धरून आत पाहिलं. पहायची गरज नव्हती. आत काय आहे ते त्याला महिनाभरापासून माहीत होतं. गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे लखलखीत दिसायचे, ते तांबूस दिसत होते. गोळीवरचं तांब्याचं कवच घासून घासून नळीला बसतं. काजळी गरम पाण्यानं निघते, तेलानं निघते. तांबं निघत नाही. त्याचा थर चढला की गोळी धरलेल्या नेमावर जात नाही, कधी हातभर इकडं, कधी हातभर तिकडं. ते काढायचं औषध वरून यायचं, ते कधीच संपलं होतं. नवसागर आणि चुना कालवून घरगुती उपाय करता आला असता. पण त्याच्या उग्र वासात एका नळीपायी अख्खा दिवस जातो. मुंजाजी थकला होता. उद्या करू म्हणत राहून गेलं. आणि मागच्या आठवड्यात भुजंगची रायफल दुरुस्तीला गेली, तेव्हा त्यानं हीच त्याच्या हातात दिली.

पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

"साफ हाय," तो म्हणाला.

"नक्की?"

"जिथं धरशील तिथंच लागणार."

 भुजंग उभ्या जागी खाली बसला. मुंजाजीनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यानं हातात घेतला आणि तसाच बाजूला ठेवला.

"मामा, तो अंगद होता."

"कोण अंगद?"

"मी पाडलेला. रझाकारांनी आमच्या गावाला आग लावली तवा माझी माय आन् दोन भैनी त्याच्या मेंढराच्या वाड्यात लपल्या होत्या. अकरा दिवस. त्याची बायको केवळाबाई आपल्या लेकरांच्या तोंडची भाकर त्यांना द्यायची."

मुंजाजीच्या हातातली चिंधी तशीच राहिली.

"त्यो खडकावर चढला आन् वळून बघायला थांबला," भुजंग सांगत होता. "साहेब दुर्बीण लावून माझ्या मागं उभे. म्हणाले, उडव त्याला. मी न्हाई म्हणालो असतो तर शेजारच्यानं झाडली असती. आन् लय लांब मारली असती तर दुर्बिणीत दिसलं असतं. म्हणून मीच पुढं झालो. त्याच्या डाव्या अंगाला पळसाचं खोड होतं, हातभर अंतरावर. मी खोडावर नेम धरला. वाटलं, त्यो घाबरून खडकामागं उडी मारंल, सुटंल."

 बाहेर कवायतीच्या शिट्ट्या वाजत होत्या.

"खोडाला काय लागलं न्हाई. त्योच पडला. तीन दिवस झाले, ह्या हाताकडं बघायलोय. नळीत खोट असंल म्हणून तुमच्याकडं आलो होतो. आता तुमीच साफ हाय म्हणता. म्हंजी जमादारीपायी माझाच हात फिरला असंल. मला कळलंच न्हाई." तो उठला. "केवळाबाईकडं जातो. तिला सांगून येतो, तुझा नवरा मीच मारला."

तो दारापर्यंत गेला. मुंजाजी टेबलाच्या कडेला हात टेकून उभा होता. साफ हाय म्हणालो तेवढं पुरे, असं त्याला वाटलं. आता नुसतं गप्प राहिलं तरी चाललं असतं. कुणीही विचारणार नव्हतं.

"भुजंगा, थांब."

भुजंग वळला.

"नळी तांब्यानं भरलीय. महिना झाला, मला ठाऊक होतं."  मुंजाजीनं पायताण घातलं आणि दाराशी आला. "तुझा नेम चुकला न्हाई. चल, म्या बी येतो. तिच्या नवऱ्याला कुणी मारलं, ते मी सांगतो तिला."