शेवटचा चक्कर

"चेंडू ज्याने मारला, त्याची वाट अडवायची नाही. मुख्य नियम हाच," पोस्टमास्तर शेजारच्या बाईंना समजावत होते.

पोलोचा सामना ते जन्मात पहिल्यांदाच बघत होते. पण काल सुनेने तिकीट हातात ठेवल्यावर त्यांनी सगळे नियम वाचून काढले होते. बायको गेल्यापासून वर्षभर ते घराबाहेर पडले नव्हते. "बाबा, भिंतींनाही आता तुमचा कंटाळा आलाय," सून म्हणाली होती.

बाई साठीच्या. एक पाय किंचित ओढत चालणाऱ्या.

"तुम्ही नेहमी येता?"

"इथं बसायची पहिलीच वेळ," बाई म्हणाल्या. "लेकीने दटावून बसवलंय."

"म्हणजे आपण एकाच माळेचे मणी."

बाई हसल्या. पोस्टमास्तरांना हुरूप आला. खेळाच्या एका फेरीला चक्कर म्हणतात, दर चक्करला घोडा बदलतात, सगळं त्यांनी सांगून टाकलं. बाई मान डोलवत राहिल्या.

मध्यंतरात प्रेक्षक मैदानात उतरून टापांनी उखडलेली माती पायांनी दाबू लागले. हे दोघंही उतरले. बाई एकेक खळगा टाचेने नीट बुजवत होत्या.

"अहो, करमणुकीला आलात, कामाला नाही," पोस्टमास्तर म्हणाले.

गावचा संघ मात्र दोन गोलांनी मागे पडला होता. शेवटच्या चक्करच्या तोंडावर दोन घोडे एकमेकांवर आदळले आणि गावचा कप्तान खाली कोसळला. बाई सगळ्यांच्या आधी उभ्या राहिल्या. कप्तान उठला, पण त्याचा हात लुळा लोंबत होता.

"आटोपला कारभार," पोस्टमास्तर म्हणाले.

"मी जरा जाऊन येते."

"बघवत नाही ना? या जाऊन. जागा धरतो."

खेळ बराच वेळ थांबला. मग बदली खेळाडू काळ्या घोडीवरून मैदानात आला. त्याला घाई अशी नव्हतीच. पण चेंडू जिथे जाणार, तिथे घोडी आधीच पोचलेली. एक गोल झाला. लगेच दुसरा. बरोबरी.

बाजूची खुर्ची रिकामीच. बिचारीचं सगळं हुकलं, असं पोस्टमास्तरांना वाटलं.

मग त्या खेळाडूने चेंडू हिसकावला आणि घोडी भरधाव सुटली. मागे दोन प्रतिस्पर्धी. पोस्टमास्तर कधी उभे राहिले, त्यांना कळलं नाही. "मार!" ते ओरडले. वर्षभरात त्यांचा आवाज असा चढलाच नव्हता. काठी फिरली, चेंडू दोन खांबांमधून पार गेला, आणि घंटा वाजली. पोस्टमास्तरांनी पुढच्या अनोळखी माणसाला मिठीच मारली. डोळे पाझरत होते, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

काळी घोडी दुडक्या चालीने थेट त्यांच्या समोरच्या कठड्याशी आली. खेळाडूने शिरस्त्राण काढलं. पांढरे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"माझी लेक तणतणत इकडेच येतेय," बाई धापा टाकत म्हणाल्या. "तिला तेवढं तुम्हीच समजवा."